ठोंबऱ्याचं कशावरून

मी ठोंबऱ्याला माझं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कशावरून?"

कॉलेजचा पहिला दिवस होता. बाकावर शेजारी एक उंच, सावळा, मनगटापर्यंत बाह्यांची बटणं लावलेला मुलगा येऊन बसला. मी आपला माणुसकीनं म्हटलं, "मी दळवी." तर हा प्रश्न. मला वाटलं, थट्टा करतोय. पण चेहरा गंभीर होता. मी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यानं ते खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं. फोटो धुरकट होता. कर्जतच्या बाजारातल्या स्टुडिओत फोटो तसेच निघत. "यातला हा तूच कशावरून?" शेवटी मी डोकं वळवून त्याला माझे कान दाखवले. माझे कान जरा जास्तच बाहेर आलेले आहेत आणि तोपर्यंत चिडवून घेण्यापलीकडे मला त्यांचा काही उपयोग झालेला नव्हता. ठोंबऱ्यानं फोटोतले कान आणि माझे कान ताडून पाहिले आणि हात पुढं केला.

"बरं. तूर्त धरून चालू," तो म्हणाला.

पुढं आमची इतकी मैत्री झाली, पण त्याची खात्री पटली असं काही तो कधी म्हणाला नाही. त्यानं मला दळवी धरून चालवलं, इतकंच.

ठोंबरे राहायचा दहिवलीला. घरी थोडी भातशेती आणि आई. एवढीच माहिती त्यानं दिली होती आणि तीही मी दोनदा विचारल्यावर. इतरांच्या बाबतीत मात्र त्याची चौकशी कधी संपत नसे. एसटीच्या पाटीवर चौक गावाचं नाव लिहिलेलं असलं तरी तो आधी कंडक्टरला विचारी, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारबाबांना, आणि एवढं करून दाराजवळच्या सीटवर बसे, म्हणजे गाडी भलतीकडे वळली तर उतरता यावं. स्टेशनावरचा वडा सगळं जग तसाच तोंडात टाकतं. हा तो आधी दोन भागांत उघडी. "आत बटाटाच आहे कशावरून?" एकदा वडेवाला कातावला आणि म्हणाला, "नसंल तर काय असंल रं आत, सोनं?" ठोंबऱ्यानं त्यावरही जरा विचार केला.

आमच्या प्राध्यापकांची तर त्यानं झोप उडवली होती. गणिताचे सर फळ्यावर 'समजा' असं लिहीत आणि त्यांची मान आपोआप ठोंबऱ्याच्या बाकाकडे वळे. इतिहासाचे सर एखाद्या राजाच्या पराक्रमात छान रंगलेले असत, तेवढ्यात मागून शांतपणे प्रश्न येई. तो उर्मटपणे विचारत नसे, हीच खरी अडचण होती. उर्मटपणा केला असता तर वर्गाबाहेर काढता आलं असतं. हा अगदी अदबीनं उभा राही, "सर, कशावरून?" म्हणे आणि उत्तराची मनापासून वाट पाहत उभाच राही.

अशा माणसानं मंडळ काढलं नसतं तरच नवल. आणीबाणी नुकतीच उठली होती. ज्याला त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ज्याला त्याला दुसऱ्याचा संशय येत होता. ठोंबऱ्यानं देव न मानणाऱ्या आणि शंका काढणाऱ्या विद्यार्थ्यांचं मंडळ काढायची परवानगी मागितली. प्राचार्यांना संशय आला की यामागं एखादा पक्ष आहे. पक्ष नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. शेवटी 'नास्तिक' हा शब्द नावात नको, या अटीवर परवानगी मिळाली. मग आम्ही नाव घेतलं 'मोकळ्या मनाचे विद्यार्थी मंडळ'. गावानं ते दोन दिवसही टिकू दिलं नाही. बाजारात आम्हाला 'देव नाय पार्टी' म्हणत. माझ्या वडिलांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकं सदऱ्याचं कापड मोजून घेता घेता विचारत, "तुमचा पोरगा त्या देव नाय पार्टीत हाय ना?" आणि वडील माप घेण्यात फार गुंतलेत असं दाखवत.

मंडळाची बैठक दर शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भरे. तिथं येणाऱ्यांत आम्ही चौघं पक्के. ठोंबरे अध्यक्ष. दुसरा गायकवाड. त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारलेला, वडील रेल्वेत. गायकवाडला आमची सगळ्यांची फार गंमत वाटायची. "आमच्या घरानं सगळे देव एका दिवसात सोडले," तो म्हणायचा, "आणि तुम्ही लेको अजून एकेक दोरा सोडताय." तिसरी साने. स्टेशनमास्तरांची मुलगी, बोलायला फटकळ, आणि मंडळात यायला घरून परवानगी मिळालेली एकमेव मुलगी. परवानगी कसली, तिनं घरी शिवणाचा क्लास म्हणून सांगितलं होतं. चौथा मी. मला देवाबद्दल निश्चित असं काही म्हणायचं नव्हतं, पण ठोंबरे जिथं जाई तिथं जायची मला सवय लागली होती. याखेरीज येऊन-जाऊन असणारे पाचसहा जण.

नास्तिकांच्या मंडळात एकमेकांवर विश्वास असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते काढून टाका. इतका संशय मी पुढं कुठल्या सरकारी कचेरीतही पाहिला नाही. हा पहाटे देवळात जात असेल का? ती उपास करत असेल का? त्यानं परवा नारळाची बर्फी नको म्हटली, ती प्रसादाची म्हणून की दात दुखतोय म्हणून? विठ्ठल, गजानन, रामचंद्र अशी नावं आईवडिलांनी आधीच ठेवून दिलेली, त्यामुळं सगळ्यांनी एकमेकांना आडनावानंच हाक मारायची असा ठराव झाला. आणि मग ठोंबऱ्यानं तो प्रसिद्ध नियम काढला: बाही वर.

म्हणजे असं, की बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकानं उभं राहायचं, दोन्ही बाह्या पार खांद्यापर्यंत वर सारायच्या आणि दंडाला गंडादोरा नाही हे सगळ्यांना दाखवायचं. शिवाय कॉलर उघडून गळा. पहिल्यांदा अध्यक्ष दाखवणार, मग बाकीचे. मुलींना हा नियम लावावा की नाही यावर फार वाद झाला. शेवटी साने वैतागून म्हणाली, "गळ्यात आईची साखळी आहे. तिच्यात देव नाही, सोनं आहे. पुढं चला."

तपासणीत गायकवाड सगळ्यांत कडक. त्याचं नाकही तिखट. एकदा एका मुलाच्या खिशात खोबऱ्याचा तुकडा सापडला. तो शपथेवर सांगत होता की भूक लागते म्हणून ठेवलाय. शपथ कोणाची घेतोस, यावरही थोडं भांडण झालं. ठोंबरे न्यायानं म्हणाला, "खोबरं प्रसादाचं कशावरून? वाण्याकडचंही असेल." गायकवाडनं तुकडा घेतला, डोळे मिटून हुंगला आणि म्हणाला, "कापूर." मुलानं मान खाली घातली. पुढं तो मंडळात दिसला नाही. गायकवाडच्या नाकापुढं अपील नव्हतं.

मंडळाचं मुख्य कार्य म्हणजे लिंबू. भगत लोक लिंबू कापून त्यातून रक्त काढून दाखवतात, ते कसं, याचा शोध ठोंबऱ्यानं लावला होता. सुरीच्या पात्याला जास्वंदीचं फूल आधी चोळून ठेवायचं. आंबट रस लागला की लाल रंग सुटतो. हे नीट जमेपर्यंत प्रयोगशाळेत आम्ही एवढी लिंबं कापली, की शिपायानं उरलेल्यांचं लोणचं घातलं.

मग दहिवलीत पारावर आम्ही जाहीर प्रयोग केला. सानेनं लिंबू कापलं, लाल रस टपटपला, बायकांनी तोंडावर पदर घेतला. ठोंबऱ्यानं सुरी दाखवली, फूल दाखवलं, सगळं उकलून सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. आम्हाला वाटलं, काम झालं. तेवढ्यात एक म्हातारी पुढं झाली आणि सानेचे पाय धरून म्हणाली, "बाय, तुझ्या हाताला गुन हाय. आमची म्हस दूध देत नाय गं, जरा बघतीस का?" साने बिचारी म्हशीपर्यंत जाऊन आली. तिला नाही म्हणवेना. परतताना ती रडवेली झाली होती आणि गायकवाड हसून हसून बेजार झाला होता.

त्या दिवशी ठरलं, की नुसतं लिंबू कापून भागणार नाही. खऱ्या भगताला त्याच्या दारात जाऊन गाठायचं. चौकाच्या पुढं, लोधिवलीच्या बाजूला एका वाडीत एक भगत होता. दर अमावास्येला लोक त्याच्याकडे जात. लिंबू कापी, सुपात तांदळाचे दाणे टाकून कौल सांगी, दोरे बांधी. नाव सगळ्यांना माहीत होतं. त्याचं भांडं चारचौघांत फोडायचं, असा ठराव सानेनं मांडला, गायकवाडनं उचलून धरला, मी हात वर केला.

आणि ठोंबरे म्हणाला, "पुरावा कच्चा आहे."

आम्ही चकित. लिंबाची युक्ती त्यानंच शोधलेली. "तो जास्वंदच वापरतो कशावरून?" तो म्हणाला. "आपण त्याची सुरी पाहिली आहे का?" बरं, पाहू म्हटलं, तर पुढच्या बैठकीत म्हणाला परीक्षा जवळ आली आहे. परीक्षा झाली तर म्हणाला लावणीचे दिवस आहेत, माणसं शेतात असतील. लावणी झाली. ठोंबऱ्याचा पुरावा कच्चाच राहिला.

संशयाला आमच्याकडं काही तोटा नव्हता, आता त्याला काम मिळालं. सानेनं हळूच एक गोष्ट काढली: ठोंबरे महिन्यातून एक दिवस कॉलेजला येत नाही. कुठला दिवस? हे ताडून पाहायला पंचांग हवं, आणि आमच्यापैकी एकानंही आपल्या घरी पंचांग असल्याचं कबूल केलं नाही. शेवटी सानेनं वडिलांचं पंचांग वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि आम्ही ते प्रयोगशाळेच्या कपाटामागं चोरून पाहिलं. अमावास्या. दर खेपेला अमावास्या.

"भगतानं त्याला फोडलाय," गायकवाड म्हणाला. मला ते पटलं नाही. पण पटलं नाही असं म्हणायला माझ्याजवळ पुरावा काय होता?

त्या शनिवारी बाह्या वर झाल्या. नेहमीप्रमाणे पहिल्यांदा अध्यक्ष. गायकवाड पुढं वाकला आणि बघत राहिला. ठोंबऱ्याच्या सावळ्या उजव्या दंडाभोवती बारीकसा फिकट पट्टा होता. हातातलं घड्याळ काढल्यावर मनगटाला दिसतो तसा.

"हे काय?" गायकवाडनं विचारलं.

"शर्टाची शिवण घट्ट आहे," ठोंबरे म्हणाला.

"कशावरून?" गायकवाड म्हणाला.

ठोंबऱ्याला तो प्रश्न कोणी उलट विचारल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यानं बाही खाली घेतली, बटण लावलं आणि बैठक सुरू केली. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. तो गेल्यावर उरलेल्यांनी ठरवलं की अध्यक्षांची चौकशी व्हायला हवी. दोरा निघाला तर अध्यक्षपद जाणार, आणि नियमाप्रमाणे मंडळातूनही जाणार. खोबऱ्याच्या तुकड्याला एक न्याय आणि अध्यक्षाला दुसरा, असं चालणार नव्हतं. चौकशीला मला नेमलं. ठोंबऱ्याचा मित्र म्हणून माझ्यावर सगळ्यांना संशय होताच. तोही यात तपासून होईल, असं साने म्हणाली.

पुढच्या अमावास्येला सकाळीच मी टेंपोत बसून चौकाला गेलो आणि तिथून चालत त्या वाडीवर. भगताच्या अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी होती, तिच्याआड उभा राहिलो. दारात जास्वंदीचं भलं मोठं झाड, फुलांनी लगडलेलं. भगत म्हणजे कोणी अक्राळविक्राळ असेल अशी माझी समजूत होती. हा तर खोकणारा, काटकुळा, बनियन घातलेला माणूस होता. आठदहा माणसं बसली होती आणि त्यांच्यात आमचे अध्यक्ष, मांडी घालून. शेजारी एक थकलेली बाई. ठोंबऱ्यानं तिला कोपराला धरून पुढं नेलं. भगतानं सुपात दाणे टाकले, काहीतरी पुटपुटला, तिला काही सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मग ठोंबऱ्यानं बाही वर केली, अगदी शनिवारी करायचा तशीच, आणि भगतानं त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला.

मला संताप आला. एका दोऱ्यासाठी नाही. आम्हाला सगळ्यांना उभं करून बाह्या वर करायला लावणारा हा, आणि खिशात खोबरं सापडलेल्या त्या पोराची मान खाली गेलेली मला आठवली. मी निघणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"दळवी, कान दिसतात तुझे."

ठोंबरे रागावलेला नव्हता. त्यानं मला आईची ओळख करून दिली, "माझ्या कॉलेजातला." दळवी धरून चालू वगैरे काही म्हणाला नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोळे पांढुरके झालेले. तिनं हात पुढं करून माझा खांदा चाचपला आणि ती म्हणाली, "आला का रं तू पन? बरा केलास."

आम्ही चालत चौकाच्या नाक्यावर आलो. धाब्याच्या बाकावर आईला चहा देऊन बसवलं आणि ठोंबरे माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "काय सांगू मी शनिवारी?"

तेवढ्यात पुण्याकडनं एक ट्रक येऊन थांबला. ठोंबरे मला "थांब" म्हणून तडक ड्रायव्हरकडे गेला. मी ऐकत होतो. मोडक्यातोडक्या हिंदीत तो विचारत होता: ट्रकवर क्लीनर, दत्तू नाव, माझ्यापेक्षा थोडा ठेंगणा, डाव्या भुवईवर व्रण. ड्रायव्हर खाली उतरून आळस देत म्हणाला, "हां, हां, ऐसा एक लडका देखा था. सुरत में."

"कशावरून?" ठोंबरे म्हणाला. मग घाईनं, "मतलब, कैसे मालूम? भुवई पे निशान था? कौनसी भुवई?"

ड्रायव्हरनं खांदे उडवले. "होगा, भाई."

ठोंबरे परत आला. मला तो प्रश्न रोज ऐकून पाठ झाला होता, त्याची मी नक्कलही करायचो. त्या नाक्यावर मला समजलं की तो मुळात कोणाला विचारायचा होता.

"भाऊ," तो म्हणाला. "मी शाळेत होतो. इथंच, याच नाक्यावर तो एका ट्रकवर चढला. क्लीनरचं काम मिळालं म्हणून. आला नाही परत. सुरुवातीला लोक काहीही सांगायचे. पुण्याला पाहिला, सुरतेला पाहिला, लग्न झालं म्हणतात. मी जायचो, धावत जायचो. कोणी खोटं बोलत नव्हतं रे. आम्हाला बरं वाटावं म्हणून बोलायचे. पण परत येऊन आईला सांगावं मला लागायचं. मग मी आधी विचारायला लागलो."

"आणि भगताला नाही विचारत?"

"दारात जास्वंद आहे, दिसली ना तुला? मला काय ठाऊक नाही का? फेकतो तो." त्यानं आईकडं पाहिलं. ती बशीत चहा ओतून फुंकर घालत बसली होती. "पण आता सगळं गाव म्हणतं, विसर बाई, गेला तो. भावकी म्हणते, दिवस घालून टाका. येईल म्हणणारा हा एकच उरलाय पंचक्रोशीत. त्याचंही भांडं फोडलं, तर तिनं महिनाभर कशाची वाट बघायची?"

दोरा दत्तूसाठी होता. भावाच्या दंडाला असला की भाऊ वाट चुकत नाही, असं भगतानं सांगितलेलं. आई रोज जेवायला बसण्याआधी ठोंबऱ्याचा दंड चाचपी आणि दोरा लागल्याशिवाय घास तोंडात घालत नसे. शनिवारी हा तो काढून कंपासपेटीत ठेवी, बैठक झाली की परत बांधी.

"मग साधी सुतळी बांधायची," मी म्हटलं. "तिला कुठं दिसतंय?"

"तिला नसतं कळलं," ठोंबरे म्हणाला. "मला कळलं असतं."

शनिवारी मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा सगळे आधीच जमलेले होते. ठोंबरे फळ्याजवळ उभा. सानेनं मला चौकशीचा निकाल विचारला. मी गळा साफ केला आणि म्हणालो, "पुरावा कच्चा आहे."

"दळवी खोटं बोलतोय," ठोंबरे म्हणाला आणि त्यानं बाही वर केली.

काळा दोरा दंडाला तसाच होता. गाठ ताजी होती. ठोंबऱ्यानं चार वाक्यांत सगळं सांगितलं: भाऊ, नाका, आई, भगत. आवाज चढवला नाही, दया मागितली नाही. "नियम मीच केलाय," तो म्हणाला. "तेव्हा मी निघतो. मंडळ बंद करू नका. साने अध्यक्ष चांगली होईल." आणि तो पिशवी उचलायला वळला. मंडळ त्याचा जीव होतं हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. गावात देव नाय पार्टीवाला म्हणून त्याला शेतावर मदतीलाही कोणी येईनासं झालं होतं. आमच्याखेरीज त्याचं होतं कोण?

"थांब," गायकवाड म्हणाला. "तपासणी व्हायचीय."

तो पुढं गेला. ठोंबऱ्याचा दंड त्यानं दोन्ही हातांनी धरला, दोऱ्यापाशी नाक नेलं आणि डोळे मिटून हुंगलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि मला तिथून धुपाचा आणि कापराचा वास येत होता. लहान पोरानंही ओळखला असता. गायकवाड बराच वेळ हुंगत राहिला. मग सरळ झाला.

"हा गंडा कशावरून?" तो म्हणाला.

"अरे, मी सांगतोय ना!" ठोंबरे म्हणाला.

"तू सांगतोस. तू सांगितलंस म्हणून आम्ही मानायचं? हेच शिकवलंस का आम्हाला?" गायकवाड आमच्याकडं वळला. "काळा दोरा आहे. शिंप्याकडं मिळतो. वास घामाचा आहे. दुसरा कसला वास मला येत नाही. शिवाय मला सर्दी झालीय."

"भगताच्या हातानं बांधलाय, दळवीनं पाहिलंय!"

सानेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी पेंढ्याच्या आड होतो. नीट दिसलं नाही."

"आरोप सिद्ध होत नाही," साने म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तरी फटकळच होता. "अध्यक्षांनी उगाच बैठकीचा वेळ घेऊ नये. बाह्या खाली."

ठोंबरे तिथंच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट पुराव्यानिशी मांडली होती आणि समोर कोणी मानायलाच तयार नव्हतं. त्याला हसू आलं की रडू, कळलं नाही. तोंड फळ्याकडं फिरवून तो आधीच पुसलेला फळा पुसत राहिला. भगताचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढंही निघाला नाही. मंडळाच्या तत्त्वांशी हे कितपत जुळत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बैठकीनंतर फाटकापर्यंत गायकवाड माझ्याबरोबर आला. म्हणाला, "आमच्या घरानं देव एका दिवसात सोडले हे खरंय. पण देव्हाऱ्याची ती रिकामी जागा आजी मरेपर्यंत रोज सारवायची. वडील बघायचे. एवढा कडक माणूस, पण तिला कधी बोलले नाहीत." आणि तो नाक शिंकरून स्टेशनच्या दिशेनं गेला. सर्दी त्याला नव्हती.

मी ठोंबऱ्याबरोबर दहिवलीला गेलो. त्याच्या घरी मी तोवर कधी गेलो नव्हतो. त्यानं कधी बोलावलं नव्हतं. आईनं तांदळाच्या भाकरी केल्या होत्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण. चुलीजवळ एक ताट घासूनपुसून पालथं घातलेलं होतं. ते कोणासाठी, हे कळायला मला विचारावं लागलं नाही. आईनं आधी लेकाचा दंड चाचपला. दोरा लागला, तेव्हा हात मागं घेतला आणि आम्हाला वाढलं.

मग ती माझ्याकडं तोंड करून बसली. मी कुठं बसलोय याचा अंदाज तिनं आवाजावरून बांधला होता, तो जरासा चुकला होता.

"तू शिकल्याला हायस," ती म्हणाली. "भगत बोलतो येल. लोक बोलतात नाय. तू सांग बाबा. येल ना रं माझा दत्तू?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"येईल, मावशी," मी म्हणालो.

आणि सवयीनं मी शेजारून येणाऱ्या त्या प्रश्नाची वाट पाहिली. ठोंबरे मान खाली घालून भाकरी मोडत होता. त्यानं एक तुकडा मोडला, हात लांब करून आईच्या ताटात ठेवला, आणि काहीच विचारलं नाही.